नव्या गिनीपिगचं खाणं-पाणी: काय आणायचं आणि काय दुकानातच ठेवायचं

गिनीपिग आणायचे ठरले की लोक आधी पिंजऱ्याच्या मागे लागतात आणि खाण्याचं दुकानदार देईल ते पुडकं उचलतात. क्रम उलटा ठेवा. पिंजरा दोन दिवस उशिरा आला तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात भागतं. गवत मात्र पिल्लं यायच्या आधी घरात हवं, तेही निदान पंधरा दिवस पुरेल इतकं.

या प्राण्याला २० दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. ते झिजतात गवत चघळून. आतड्याचंही तसंच. चोथा सतत पुढे सरकत राहिला तरच ते चालतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही की आतडं मंदावतं, पोट फुगतं आणि जीवावर बेततं. म्हणून रोजच्या खाण्यात साधारण ८० टक्के वाळलेलं गवत हवं. दाणे (म्हणजे पाकिटात मिळणारं दाबून केलेलं तयार खाद्य, पेलेट) आणि भाजी ही त्याची जोड. ‘आमचा गिनीपिग गवत खातच नाही, त्याला दाणेच आवडतात’ असं कुणी सांगितलं तर समजा की त्याला दाणे जास्त मिळतायत. ते कमी केले की तो गवताकडे वळतो.

गवत: सगळा वेळ इथे द्या

परदेशी सल्ले सरसकट टिमोथी गवत घ्या म्हणतात. सल्ला चुकीचा नाही, पण टिमोथी थंड हवेचं गवत आहे. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक बाहेरून आलेलं, त्यामुळे महाग. घेणार असाल तर पाकिटावर कापणी लिहिली आहे का बघा. पहिल्या कापणीत जाड काड्या जास्त, तिसरीत मऊ पानं जास्त. नवीन पिल्लांना दुसरी कापणी चांगली, कारण काडी आणि पान दोन्ही असतं. ओटचं वाळलेलं गवतही चालतं. टिमोथीला नाक मुरडणारी काही पिल्लं ते आवडीने खातात.

पाकीट आलं की आधी उघडून मूठभर गवत नाकाशी धरा. चांगल्या गवताला गोडसर वास असतो, रंग हिरवट असतो. पिवळं पडलेलं गवत जुनं; एखाद-दुसरी काडी पिवळी असेल तर हरकत नाही, सगळंच पिवळं असेल तर परत पाठवा. मग तीच मूठ काळ्या कापडावर झटका. कापडावर करडी भुकटी पडली तर ते गवत पिल्लांच्या नाकात जाणार, आणि गिनीपिगची फुप्फुसं नाजूक असतात. कुबट वास आला, काड्यांवर पांढरी किंवा काळी बुरशी दिसली, तर तेवढाच भाग काढून उरलेलं वापरू नका. आख्खं पोतं टाकून द्या. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, पण बुरशी लागलेलं गवत उन्हात घातल्याने खाण्याजोगं होत नाही.

दर महिन्याला बाहेरचं गवत परवडत नसेल तर इथली गवतं आहेत. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, गिनीपिगला उत्तम. ताज्याही चालतात आणि वाळवूनही. अंगणात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत औषध न मारता वाढवलेली हरळी कापायची आणि सावलीत, वाऱ्याला पातळ पसरून वाळवायची. कडक उन्हात रंग आणि कस दोन्ही जातात. गणपतीत दादरच्या फूलबाजारात जुड्या मिळतात, त्या स्वस्त पडतात म्हणून काही जण ढीगभर आणतात. त्या दूर्वा कुठे उगवल्या, त्यांवर काय फवारलं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी त्या घेत नाही. गावाकडे कुणाच्या बांधावर मारवेल असेल तर तेही चांगलं गवत. फुलोऱ्यावर यायच्या सुमारास कापून मागवा.

आता ज्या गवताने मला सगळ्यांत जास्त छळलं, त्याबद्दल. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचं वाळलेलं गवत गाड्या भरून विकायला येतं. स्वस्त असतं, नैसर्गिक असतं, आणि त्यात कुसळं असतात. एक कुसळ तळहातावर घेऊन नीट बघा. पुढे सुईसारखं टोक, त्याच्या मागे उलटे बारीक केस आणि लांब पिळदार शेपूट. हे एकदा आत घुसलं की ते केस त्याला मागे येऊ देत नाहीत, ते पुढेच सरकतं. गाई-म्हशींचं तोंड राठ, त्यांचं निभतं. गिनीपिगच्या हिरडीत, जिभेखाली, डोळ्याच्या कोपऱ्यात ते रुतलं की पिल्लू खाणं सोडतं. हनुवटी लाळेने ओली दिसते, किंवा एकच डोळा मिटलेला आणि पाणावलेला राहतो. लोकांना वाटतं सर्दी झाली. ‘निवडून घाला’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो ऐकला की मला राग येतो. पोतंभर गवतातून सगळी कुसळं कुणालाही निवडता येत नाहीत. डोंगरी गवत घेऊच नका, अंथरायलासुद्धा नको, कारण अंथरलेलं गवत हे प्राणी खातातच.

दुसरा घोळ घासाचा. पुण्या-नगरकडे ‘घास’ मागितलं की विक्रेता लसूणघास देतो. देवळाबाहेर गाईसाठी विकायला ठेवलेल्या पेंढ्याही बऱ्याचदा त्याच्याच असतात. लसूणघास गवत नव्हे, ती द्विदल वनस्पती, आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर. सहा महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला थोडी वाळलेली लसूणघास जरूर द्या. मोठ्यांना ती रोज मिळाली तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. लघवी करताना गिनीपिग ओरडतो, लघवीत रक्त दिसतं. ताजी ओली लसूणघास पोटभर दिली तर पोट फुगतं ते वेगळंच. दुकानात अल्फाल्फा नावाने जे महाग पाकीट मिळतं, ते हेच.

ज्वारीचा कडबा फार टणक. भाताचा पेंढा अंथरायला बरा, खाण्याला कस नाही. गव्हाचा भुसा नको, धूळ फार.

साठवण मी सुती पिशवीत किंवा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात करते, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता. हवाबंद प्लॅस्टिकमध्ये उरलासुरला ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मोठं पोतं घेऊच नका. लहान पाकिटं घ्या, आणि गवत हाताला सर्द लागलं तर वाढण्याआधी तासभर पंख्याखाली पसरा.

रोज प्रत्येकाच्या अंगाएवढा ढीग सकाळी आणि तेवढाच रात्री. गव्हाण असली तर गवत स्वच्छ राहतं, पण तिच्या गजांत डोकं किंवा पाय अडकणार नाही हे पाहा. गवत भरून टांगायचे तारेचे गोळे तर आणूच नका.

दाणे

एकाच रंगाचे, एकाच आकाराचे, गवतापासून केलेले साधे दाणे घ्या. सूर्यफुलाच्या बिया, मका, रंगीत तुकडे, सुका मेवा घातलेलं मिश्रण दिसायला छान असतं, पण गिनीपिग त्यातलं गोड आणि तेलकट तेवढं वेचून खातो. सशाचे दाणे ‘एकच असतं ताई’ म्हणून गळ्यात मारले जातात. एकच नसतं. ससा क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो, गिनीपिगला ते जमत नाही, म्हणून त्याच्या दाण्यांत ते वेगळं घालावं लागतं. पाकिटावर ‘गिनीपिग’ लिहिलेलं आणि क जीवनसत्त्वाचा उल्लेख असलेलंच घ्या. तयार केल्याची तारीखही बघा. हे जीवनसत्त्व ठेवून ठेवून विरतं, तेव्हा तीन महिन्यांपेक्षा जुनं पाकीट नको आणि पाच किलोची गोणी तर मुळीच नको. मोठ्याला रोज एक-दीड मोठा चमचा पुरे.

भाजी आणि क जीवनसत्त्व

क जीवनसत्त्व कमी पडलं की होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाचं कोडं सुटलं त्यात या प्राण्याचा वाटा आहे. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना खलाशांचा तोच रोग झाला. आजही नुसते दाणे किंवा पोळीचे तुकडे खाऊन वाढणाऱ्या गिनीपिगला तो होतो. केस राठ होतात, सांधे सुजतात, उचललं की ओरडतो, चालायला नको म्हणतो.

रोजची गरज दर किलो वजनाला १० ते ३० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत ८० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, लालमध्ये त्याहून जास्त. म्हणजे किलोभर वजनाच्या गिनीपिगला रोज ४० ग्रॅम ढोबळी मिरची दिली की काम झालं. देठ आणि बिया काढून टाका. सोबत कोथिंबीर, काकडी, लेट्यूसची हिरवी पानं. मक्याच्या कणसाची हिरवी सालं त्यांना फार आवडतात आणि भाजीवाले ती फुकट देतात. पेरूची एखादी फोड, गाजराचा तुकडा अधूनमधून. दोन्हींत साखर आहे. सगळं मिळून दिवसाला प्रत्येकी एक वाटी. धुऊन, पाणी निथळून द्या आणि उरलेलं दोन-तीन तासांत उचला, उन्हाळ्यात त्याआधीच.

पालक क्वचित. कोबी थोडा, गॅस होतो. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला आणि अळू कधीच नाही. कच्च्या अळूने आपला घसा खवखवतो, त्यांचं काय होईल. पोळी, भात, पाव, बिस्किट, दूध यांतलं काहीही नको, आजी-आजोबांनी प्रेमाने दिलं तरी नको. घरात सगळ्यांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

पाण्यात घालायचे जीवनसत्त्वाचे थेंब घेऊ नका. उजेडात आणि पाण्यात क जीवनसत्त्व लवकर नासतं, शिवाय चव बदलली की पिल्लू पाणीच कमी पितं. मिठाची आणि खनिजांची चाटायची वडीही दुकानातच राहू द्या.

पाणी

बाटली घ्या, आणि दोन घ्या. नळी स्टीलची, टोकाला गोळी असलेली. प्लॅस्टिकची नळी ते चावून टाकतात. घरी आणल्यावर भरून रात्रभर बेसिनवर उलटी टांगा. सकाळी निम्मी रिकामी झाली असेल तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर पिंजरा रोज ओला होईल आणि पाय खराब होतील.

गिनीपिगची एक सवय लक्षात ठेवा. तोंडात गवत असतानाच तो पाणी पितो आणि चघळलेला चोथा नळीत परत ढकलतो. बाटली भरलेली दिसते, पण गोळीमागे हिरवा लगदा अडकलेला असतो आणि थेंब येत नाही. म्हणून रोज सकाळी गोळी बोटाने दाबून बघायची आणि बोट ओलं झालं पाहिजे. भरलेली बाटली बघून निर्धास्त होणं हे फार महागात पडतं. नळी बारीक ब्रशने रोज, बाटली आठवड्यातून दोनदा आतून घासा. हिरवट थर दिसला तर वाट बघू नका. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार गोळीवर धरतो. नळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पाणी आपण पितो तेच द्यायचं. पावसाळ्यात गढूळ येत असेल तर उकळून गार केलेलं.

दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाकाठी साधारण १० मिलिलिटर पाणी लागतं, हिरवा पाला जास्त खाणाऱ्याला थोडं कमी. उन्हाळ्यात पाणी दोनदा बदला आणि बाटली उन्हात येईल अशी टांगू नका. बाटलीची सवय नसलेल्या पिल्लासाठी नळीच्या टोकाला काकडी चोळा. तरीही जमत नसेल तर चिनी मातीची जड, बुटकी वाटी ठेवा आणि लेंड्या पडतील तशी ती बदलत राहा. दाण्यांसाठीही तशीच वाटी, हलकी प्लॅस्टिकची ते उलटवतात.

पहिला आठवडा

आणताना पिल्लं आधी काय खात होती ते विचारा आणि त्यातलं थोडं मागून घ्या, ते खाद्य वाईट असलं तरी. आठ-दहा दिवसांत जुनं कमी, नवीन जास्त करत न्या. भाजी एका वेळी एकच नवीन द्या आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघा. मऊ पडल्या तर ती भाजी थांबवा, गवत वाढवा. निरनिराळ्या चवी लहानपणीच दाखवा, कारण मोठा झालेला गिनीपिग नवीन पदार्थ सहसा तोंडात घेत नाही.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दर आठवड्याला त्यांच्यासाठी वापरा आणि वजन वहीत लिहा. पिल्लाचं वजन वाढत गेलं पाहिजे. मोठ्याचं आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर दात आणि पोट तपासून घ्या. गिनीपिग बघणारे जनावरांचे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. त्यांचा नंबर गवताच्या पहिल्या पाकिटाबरोबरच मिळवून ठेवा आणि अर्धा दिवस पिल्लाने काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट न बघता फोन करा.