फोटॉनिक्स वेस्टला निघालात? संध्याकाळची बॅग वेगळी भरा

आमच्या लॅबमधली ज्युनिअर यंदा सॅन फ्रान्सिस्कोला फोटॉनिक्स वेस्टला, म्हणजे लेसर आणि प्रकाशतंत्राच्या मोठ्या परिषदेला, निघाली आहे. तिने विचारलं, "दादा, काय काय नेऊ?" तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला बसलो तर ते लांबत गेलं, म्हणून इथेच टाकतोय. व्हिसा, तिकीट, विमा, पोस्टर यांवर मी बोलणार नाही. ते तुमचे गाइड बघतील. पोस्टर, म्हणजे आपल्या संशोधनाचा मोठा तक्ता, कापडावर छापून घ्या म्हणजे घडी घालून बॅगेत बसतं, एवढंच. मला सांगायचंय ते संध्याकाळच्या रिसेप्शनबद्दल, म्हणजे उभ्याने खातपीत गप्पा मारायच्या कार्यक्रमाबद्दल, कारण माझी शोभा तिथे झाली.

फोनमध्ये तुमच्या कामाच्या तीन इमेजेस ठेवा. ऑफलाइन. गॅलरीत. ड्राइव्हवर नाही, मेलमध्ये नाही, लॅपटॉपमध्ये तर नाहीच नाही.

झालं असं. रविवारी संध्याकाळी पोस्टर रिसेप्शन होतं आणि माझं स्वतःचं पोस्टर दुसऱ्या दिवशी. म्हणजे बोट दाखवायला मागे काही नाही. ज्यांचे पेपर माझ्या थिसिसच्या संदर्भांत सात-आठ वेळा येतात ते गृहस्थ हातात चीजची बशी घेऊन शेजारी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही कशाचं इमेजिंग करता? मी म्हटलं, झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणाचं हृदय, लाइट-शीटने (प्रकाशाच्या पातळ पडद्याने नमुना उजळणारा मायक्रोस्कोप), आणि ऐटीत फोन काढला. ड्राइव्हचं फोल्डर गोल गोल फिरत राहिलं, कारण रोमिंगचा पॅक मी सगळ्यात स्वस्तातला घेतला होता. मग लॅबच्या ग्रुपवर आलेली एक टिफ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची इमेज) सापडली. उघडली. काळीकुट्ट. ते म्हणाले, "जरा अंधारी आहे," आणि बशी घेऊन पुढे सरकले. आठ महिन्यांचं काम आणि दाखवायला काळा चौकोन.

काळी का दिसली ते परत येऊन कळलं, तेव्हा हसूही आलं नाही. आमचा कॅमेरा त्या मोडमध्ये १२ बिटचा, फाइल १६ बिटची. कॅमेऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल ४०९५, आणि फोनच्या लेखी पांढरा म्हणजे ६५५३५. म्हणजे सगळी इमेज पांढऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याखालीच दडपलेली. लॅबमध्ये फिजी (इमेज बघायचं सॉफ्टवेअर) आपोआप कॉन्ट्रास्ट ताणून दाखवतं म्हणून कधी लक्षातच येत नाही. तेव्हा घरीच फिजीत कॉन्ट्रास्ट लावा, ८ बिट करा, स्केल बार (आकार कळायला मापाची रेघ) घाला, पीएनजी करून फोनवर घ्या. मग विमान मोड चालू करून उघडून बघा. बघाच. व्हिडिओ असेल तर एमपी४, आठ-दहा सेकंदांचा. एव्हीआय फोनवर चालेलच असं नाही. दोन रंगांची इमेज असेल तर लाल-हिरव्याची जोडी टाळा, मॅजेंटा आणि हिरवा वापरा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि त्या हॉलमध्ये असे बारा पुरुष पाच पावलांत भेटतात. हॉस्पिटलबरोबर काम करणाऱ्यांनो, स्कॅनच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख छापलेली असते. ती कापा. चुकून दिसली तर तुम्ही अडचणीत याल आणि तुमचे डॉक्टरही. पेटंट भरायचं असेल तर काय दाखवायचं ते गाइडना आधी विचारा.

तीनच का? कारण चौथी शोधायला अंगठा गॅलरीत फिरायला लागतो आणि समोरच्याला तुमच्या भाच्याचं बारसं दिसतं.

आता बाकीचं. परिषद साधारण जानेवारीत, मॉस्कोन सेंटरला असते (२०१० पासून तिथे, त्याआधी सॅन होजेला). माणसं वीस हजारांच्या आसपास. जैव-वैद्यकीय मंडळींचा भाग, बायोस, शनिवारीच सुरू होतो आणि त्याच संध्याकाळी 'हॉट टॉपिक्स' हे गाजलेल्या विषयांवरच्या भाषणांचं सत्र असतं. आपल्यापेक्षा ते लोक साडेतेरा तास मागे. म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमच्या शरीराने रात्रभर जागून सकाळचे साडेसात केलेले असतात. गुरुवारपर्यंत पोचा. शुक्रवारी उतरून शनिवारी हसतमुख गप्पा मारीन, असं मनातही आणू नका.

विद्यार्थ्यांसाठी तज्ज्ञांबरोबर जेवण असतं. विषयवार टेबलं, जागा मोजक्या. ते चुकवू नका. रिसेप्शनमध्ये मोठ्या माणसाला गाठायला घोळक्यात घुसावं लागतं, इथे ते स्वतः खुर्चीवर बसलेले असतात. आणि हो, फोन टेबलावर, तीन इमेजेस तयार.

पोटात काहीतरी घालून जा. शाकाहारी असाल तर गाजराचे तुकडे, चीज आणि क्रॅकर्स यांच्यावर रात्र काढावी लागते. मी दशम्या आणि चिवडा नेला होता, तो एकच निर्णय बरोबर ठरला. बशी डाव्या हातात, म्हणजे उजवा मोकळा. दारू घेत असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, वय विचारतात. घेत नसाल तर लिंबू घातलेला सोडा घ्या, कुणी ढुंकून बघत नाही. आपल्याकडच्या लग्नातल्यासारखा आग्रह नसतो.

बॅज हमखास उलटा होतो. मागच्या बाजूलाही मार्करने नाव लिहा. दोन वाक्यांत काम सांगायचा सराव आरशासमोर नको, भौतिकशास्त्र न शिकलेल्या मावशीसमोर करा. तिला कळलं तर प्रोफेसरला कळेल. कोट एकच पुरे, बूट मात्र जुने आणि मऊ. शनिवारी-रविवारी जमिनीवरच्या कार्पेटखाली काँक्रीट आहे हे पाय सांगतात.

जवळच्या फ्रीमाँट गावातल्या चुलतभावाकडे उतरणार असाल तर भाडं वाचेल, पण बार्टने (तिथली लोकल) पाऊण-एक तास लागतो आणि वहिनी जेवायला थांबलेली असते. साडेसातला तुमचं लक्ष घड्याळाकडे जातं, आणि खऱ्या गप्पा तर तेव्हाच रंगात येतात. पहिले दोन दिवस तरी चालत पोचता येईल अशा हॉस्टेलमध्ये राहा. वहिनीला आधीच सांगा.

मंगळवारी मोठं प्रदर्शन उघडतं. स्टॉलवाला बॅज स्कॅन करतो आणि मग लेसरच्या जाहिराती वर्षभर येतात. पेन छान असतात. दुसऱ्याच्या पोस्टरचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

कार्ड मिळालं की त्याच मिनिटाला मागे दोन शब्द लिहा.

बुधवारपर्यंत दमलेले असाल. एखादी संध्याकाळ सोडा, काही बिघडत नाही. निघण्याआधी विमान मोडमध्ये उघडून बघितलंत ना? मी विचारतोय कारण ज्युनिअर म्हणाली, "हो दादा, ड्राइव्हवर टाकलंय."

परत आल्यावर आठवड्याच्या आत मेल. चार ओळी, कुठे भेटलो ते, आणि खाली जोडलेली एक इमेज. पीएनजी. टिफ नाही.