बदललेला पार्ट निकामी झाला आणि इंजिनही गेलं : गॅरेजकडून भरपाई कशी मागावी

चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढताना गाडी तापते आणि बॉनेटखालून वाफ निघते. टोचन करून गॅरेजला आणल्यावर कळतं, की महिन्यापूर्वी बदललेला वॉटर पंपच (इंजिनात कूलंट फिरवणारा) गळतोय. मिस्त्री म्हणतो, "पंप नवा टाकी देतो भाऊ. पण पार्ट कंपनीना शे, मी काय करू?" पंप समजा 3,000 रुपयांचा. पण गाडी तापल्यामुळे हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) फुटलं, हेडला फेसिंग मारावं लागलं, म्हणजे ते घासून सपाट करावं लागलं, त्याचे 30,000. टोचनचे 5,000 वेगळेच. खरं भांडण पंपाचं नसतं, या पस्तीस हजारांचं असतं.

पार्ट गॅरेजनेच आणून बसवला असेल, तर तुमच्यापुरता तोच विक्रेता आणि तोच कारागीर. "कंपनीकडे जा" म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. डिस्ट्रीब्युटरशी काय भांडायचं ते त्याने भांडावं. मात्र पुढचं नुकसान त्या पार्टमुळे किंवा बसवण्यातल्या चुकीमुळेच झालं, हे दाखवायचं काम तुमचं. आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांतच करता येतं, नंतर नाही.

आधी गाडी थांबवा

तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला की इंजिन बंद. 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 करार मोडल्यामुळे ओघाने होणारं नुकसान भरून द्यायला सांगतं, पण ते नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही काय केलं, हेही बघायला लावतं. "घाट चढून बघू" म्हणत तापलेली गाडी आणखी दहा किलोमीटर हाणली, तर पुढचा खर्च तुमच्या गळ्यात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. "उन्हामुळे तापली असेल" हे उत्तर गॅरेजवाल्याच्या ओठांवर तयारच असतं. म्हणून मीटर, किलोमीटर आकडा, गळती आणि जागा यांचे फोटो तिथेच काढा. टोचनवाल्याकडून पावती घ्या, निदान पैसे यूपीआयने द्या.

खोलण्याआधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा

बहुतेक दावे इथे फसतात. माणूस वैतागून जवळच्या गॅरेजला गाडी खोलून मोकळा होतो, जुना पंप भंगारात जातो, आणि महिन्याने पहिला मिस्त्री म्हणतो, "मी बघितलंच नाही, मला काय माहीत?" त्याचंही चूक नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा:

"अमुक तारखेला तुमच्याकडे वॉटर पंप बदलला, बिल नंबर अमुक. आज पंपातून कूलंट गळून गाडी तापली. गाडी तमुक ठिकाणी उभी आहे. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत येऊन बघा. न आल्यास दुसरीकडे काम करून घेईन आणि खर्च तुमच्याकडे मागेन."

तो आला तर उत्तम. नाही आला तर दुसरा मिस्त्री गाडी खोलत असताना व्हिडिओ काढा. निघालेला पंप, गॅस्केट आणि बेल्ट पिशवीत घालून स्वतःकडे ठेवा. काय बिघडलं आणि कशामुळे, हे त्याच्याकडून लेटरहेडवर किंवा बिलावरच दोन ओळींत लिहून घ्या. मिस्त्री एकमेकांविरुद्ध लिहून द्यायला कचरतात, विशेषतः शहाद्या-चोपड्यासारख्या गावात, जिथे सगळे एकमेकांकडून पार्ट नेतात. मग स्वतंत्र सर्व्हेअर (नुकसान तपासून अहवाल देणारा) किंवा ऑटोमोबाईल शिकवणारे प्राध्यापक गाठावे लागतात.

पार्ट का गेला, ते नीट बघा

वॉटर पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून झिरपतं आणि सुकल्यावर डाग उरतो. नव्या पंपाला महिन्यात असा डाग दिसला, तर पार्ट खराब असण्याचा संशय बळावतो. बेल्ट जादा ताणून बसवला तरी बेअरिंग लवकर जातं, तो दोष बसवणाऱ्याचा. पंप आणि ब्लॉकच्या सांध्यातून गळत असेल आणि तिथे सिलिकॉन पेस्ट थापलेली दिसली, तर गॅस्केट नीट बसवलेलं नसावं. पंप कोरडा ठणठणीत आणि रेडिएटरचा पंखाच फिरत नसेल, तर पंपाच्या नावाने ओरडण्यात अर्थ नाही. शेवटचं म्हणजे पाणी: आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. त्या जड पाण्याने आत क्षार धरला असेल, तर गॅरेजवाला तिकडेच बोट दाखवील आणि पुढे ग्राहक आयोगही त्याचं ऐकेल.

पार्ट तुम्हीच बाजारातून स्वस्तात आणून दिला असेल, तर गणित बदलतं. मग मिस्त्री फक्त बसवण्यापुरता बांधील. पार्टसाठी दुकानदार आणि कंपनी. माझ्या मते चार-पाचशे वाचवण्यासाठी हा घोळ करू नये.

किती मागायचं

पंपाची किंमत, दोन्ही वेळची मजुरी, टोचन, हेडचं काम, त्या दिवशी घरी यायला केलेल्या गाडीचं भाडं हे सगळं मागता येतं, पावत्या असतील तर. त्याच वेळी घिसलेला क्लच बदलून घेतला, तो यात घुसडू नका. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचा विश्वासही जातो. लग्न चुकलं, जमिनीचा सौदा हुकला असले दूरचे परिणाम सहसा मान्य होत नाहीत. विम्याकडूनही फार आशा नको, साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर टोचनपुरतं बघा.

बिलावर "मजुरीची गॅरंटी नाही" छापलेलं असलं, तरी तेवढ्याने निष्काळजी कामाची जबाबदारी पुसली जात नाही. आणि बिलच दिलं नसेल तर? मागूनही बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची बोलणी, वहीच्या पानावरचा हिशोब, सगळं जपून ठेवा.

पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाही म्हणाला, तर त्यावर हुज्जत घालू नका. केलेल्या कामाच्या पैशासाठी गाडी अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम 170 ने त्याला दिला आहे. पैसे द्या, पण बिलावर "तक्रार राखून पैसे दिले" असं लिहून सही करा आणि फोटो काढा.

ऐकलं नाही तर

स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत घाला. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार भरता येते. काम सुरतेला किंवा नाशिकला केलेलं असलं आणि तुम्ही शिरपूरला राहत असाल, तर तक्रार धुळ्यालाच चालते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. याच कायद्यात सदोष मालासाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा अशा तिघांच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे, म्हणून पार्टच खराब असल्याचा संशय असेल तर गॅरेजसोबत पार्टच्या कंपनीलाही सामनेवाला (तक्रारीतला विरुद्ध पक्ष) करा.

रावेर-यावलहून केळी भरून पिकअप चालवणाऱ्यांना वाटतं, धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक आयोग बंद. तसं नाही. स्वतः पोट भरण्यासाठी चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच. दहा गाड्या ड्रायव्हर ठेवून चालवणाऱ्या मालकाला मात्र हा रस्ता अवघड.

बरेचदा नोटीस गेली की गॅरेजवाला चहाला बोलावतो आणि निम्म्यावर येतो. पुरावा कच्चा असेल तर निम्मं घेणं शहाणपणाचं. फक्त रक्कम, तारीख आणि कोणत्या खर्चापोटी हे कागदावर घ्या, आणि पैसे खात्यात पडेपर्यंत पिशवीतला जुना पंप त्याच्या हातात देऊ नका.