१६४४ चा चीन: तारखा आणि सत्ताबदल लिहिताना या चुका टाळा

१६४४ ला चीनमधलं मिंग घराणं संपलं आणि चिंग घराणं आलं, असं एका ओळीत उरकलेलं सगळीकडे दिसतं, परीक्षेच्या नोट्समध्ये सुद्धा, आणि मग पुढचं वाचायला घेतलं की काहीच जुळत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मांचूंनी, म्हणजे महाभिंतीपलीकडच्या ज्या लोकांचं चिंग घराणं त्यांनी, मिंगांकडून राजधानी बीजिंग जिंकलं असं लिहिणं. बीजिंग पाडलं ते ली झिचेंगने, शेतकऱ्यांच्या बंडाचा नेता, त्याने फेब्रुवारीतच शीआनला स्वतःचं शुन राज्य जाहीर केलं होतं. २५ एप्रिलला त्याची फौज राजधानीत शिरली तेव्हा मिंगांच्या चोंगझेन सम्राटाने राजवाड्यामागच्या जिंगशान टेकडीवर गळफास घेतला, सोबत शेवटपर्यंत राहिला तो वांग चेंगएन नावाचा एक खोजा सेवक. मांचू तेव्हा महाभिंतीच्या पलीकडेच होते! मग महाभिंतीवरच्या शानहायग्वान खिंडीचा मिंग सेनापती वू सांगुई त्यांना जाऊन मिळाला, २७ मे ला दोघांनी मिळून लीला हरवलं, आणि ली परत येऊन घाईघाईत राज्याभिषेक उरकून राजवाड्याला आग लावून पळाला. वू सांगुईने हे सगळं त्याची उपपत्नी चेन युआनयुआन हिच्यासाठी केलं ही गोष्ट नंतरच्या काव्यांनी फुगवलीय, तेवढं एकच कारण देऊ नका.

जूनच्या सुरुवातीला शहरातले अधिकारी वेशीबाहेर स्वागताला गेले ते मिंग युवराज येतोय या समजुतीने, आणि समोर आला मांचूंचा कारभारी डोर्गोन. मला या वर्षातला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नवे राज्यकर्ते आम्ही मिंग सम्राटाचा सूड घ्यायला आलोय असं सांगत आले, चोंगझेनसाठी तीन दिवसांचा दुखवटा त्यांनीच पाळायला लावला. हा भाग गाळला तर इतके मिंग अधिकारी नोकरीत कसे राहिले ते कळतच नाही.

आता तारखांचा घोळ. शिवजयंतीमुळे तिथी आणि तारखेचा वाद आपल्याला नवा नाही, तसंच इथे समजा. चिंग हे नाव १६३६ चं, मांचूंचा तेव्हाचा राजा हाँग ताइजी याने घेतलेलं. त्याचा लहान मुलगा शुन्झी सम्राट म्हणून गादीवर बसला १६४३ च्या ऑक्टोबरात, मुकदेनला, म्हणजे आजच्या शेनयांगला, पण त्याचा सन, म्हणजे त्याच्या नावाने मोजायची वर्षं, सुरू झाला पुढच्या नववर्षापासून. म्हणजे शुन्झी १ = ८ फेब्रुवारी १६४४ ते २७ जानेवारी १६४५. हेच वर्ष मिंगांचं चोंगझेन १७ आणि लीचं योंगचांग १. ढोबळ हिशोब असा की शुन्झी सनात १६४३ मिळवा आणि चोंगझेन सनात १६२७, पण चांद्रवर्षाचा बारावा महिना असेल तर थांबून तपासा, तो बऱ्याचदा पुढच्या इसवी सनात जातो. बीजिंगमधल्या राज्यारोहणाच्या दोन तारखा दिसल्या, ३० ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबर, तर गोंधळू नका, आधी आकाशपूजा झाली आणि नंतर औपचारिक समारंभ.

शेंडीसारखी वेणी ठेवून पुढचं डोकं भादरायचा हुकूम सुद्धा सर्रास १६४४ च्या नावावर टाकतात. डोर्गोनने तो जूनमध्ये काढला खरा पण विरोध बघून काही आठवड्यांतच मागे घेतला. सगळ्यांवर सक्ती झाली जुलै १६४५ मध्ये, नानजिंग पडल्यावर, आणि दक्षिणेत शरण आलेली गावं पुन्हा पेटली ती त्यामुळे. चिंग फौजेने यांगझौ शहरात केलेली कत्तल पण मे १६४५ ची, तीही इथे ओढू नका.

आणि मिंग १६४४ ला पूर्ण संपलेच नव्हते. नानजिंगला लगेच दुसरा सम्राट बसला, शेवटचा दावेदार योंगली मारला गेला १६६२ मध्ये, मिंगांच्या बाजूने लढणारं तैवानमधलं झेंग घराणं १६८३ पर्यंत टिकलं. कोरियातले विद्वान तर त्यानंतरही खाजगी लिखाणात चोंगझेन सनच मोजत राहिले, त्यामुळे एखाद्या कोरियन कागदावर चोंगझेनचं शंभरच्या वरचं वर्ष दिसलं तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका.