एसएफ-८६ भरताना जुनी डीयूआय केस

कॉलेजात असताना दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, वकिलाने पुढे रेकॉर्ड पुसून घेतलं. आता अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी (गोपनीय सरकारी कामाची परवानगी) एसएफ-८६ हा सरकारी फॉर्म भरताना ही डीयूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याची केस लिहायची का? लिहायची.

१. केस ज्या काउंटीत झाली तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची सही-शिक्क्याची प्रत मागवा. अटकेची तारीख, आरोप, दंड त्यावरूनच उतरवा. आठवणीवर भिस्त ठेवली की 'मार्च असेल बहुतेक' असं होतं आणि तारखा जुळत नाहीत.

२. फॉर्मच्या विभाग २२ मध्ये (पोलीस रेकॉर्ड) काही प्रश्न ७ वर्षांपुरते आहेत, पण दारू किंवा ड्रग्जच्या आरोपाचा प्रश्न 'कधीही' असा आहे. केस रद्द झाली, सील झाली, तरी उत्तर 'हो'. ३०० डॉलरखालच्या ट्रॅफिक दंडाची सूटही दारू असेल तर नाही.

३. दारूसाठी उपचार किंवा समुपदेशन घेतलं असेल तर विभाग २४ बघा. पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट हाताशी ठेवा.

घटना किती जुनी, पुन्हा घडली का, हेही तपासतात. लपवलं मात्र, तर दारू बाजूला राहते आणि खोटेपणाचा मुद्दा उभा राहतो. या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.