गोंदण कॉम्प्युटरवर उतरवताय? या चुका टाळा

धारणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करता करता मेळघाटातल्या कोरकू आज्यांची गोंदणं फायलीत उतरवायचं खूळ लागलं. सुरुवातीचं निम्मं काम फेकावं लागलं.

मुख्य घोळ ऑटोट्रेसचा, म्हणजे फोटोवरून आपोआप रेघा काढून देणाऱ्या सोयीचा. गोंदण सुईनं टोचतात, म्हणजे ते टिंबांचं काम. ऑटोट्रेस शेजारची टिंबं सांधून सरळ रेघ करून टाकतो. त्यात पन्नास वर्षांत काजळी कातडीत फाकते, काळ्याचा निळसर-हिरवा होतो. आजीच्या मनगटावर आज दिसते ती जाडी गोंदणारीनं दिलेलीच नाही! आता मी फोटो खालच्या लेयरला ठेवतो आणि वर एकेक टिंब हातानं मांडतो. टिंबं मिसळून गेली असतील तिथं लाल रंग देतो, म्हणजे माझा अंदाज कुठला ते कळतं. अर्धी नक्षी काढून फ्लिप करायचा मोह तर नकोच. दोन्ही बाजू सारख्या नसतात, नसू द्या.

नक्षी फिकट असेल तर गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, पाहा. कातडी उजळते, गोंदण गडद राहतं. फ्लॅश नको, ओसरीची सावली बरी. मोबाइल हाताला चिकटवला की नक्षी फुगते. मागे सरकून झूम करा, शेजारी मोजपट्टी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक टिंबं गेलीच. सेल्फी कॅमेऱ्यानं माझे दोन उजवे हात डावे झाले होते.

‘नमुना ७’ असं फायलीला नाव देऊ नका. गाव, अंग, कोणत्या वयात गोंदलं आणि आजी त्याला कोरकूत काय म्हणते, हे सगळं हवं. तो शब्द रेकॉर्डच करा, आपल्या कानावर भरवसा नको.

आणि रिकामी जागा दिसली म्हणून वारलीची माणसं घुसडू नका. वारली पालघरकडची. गोंडांचे नमुनेही वेगळ्या फोल्डरात ठेवा. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा. दोघांना ‘आदिवासी डिझाइन’ म्हणून एकत्र कोंबणं हा आळस आहे.

परवानगी मी आधी फक्त फोटोची घेत होतो. एका आजीनं स्क्रीनवर स्वतःचं कपाळ पाहिलं आणि विचारलं, “हे आता कोणाच्या कपाळावर जाणार?” पुढच्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक तीच नक्षी टी-शर्टवर मागायला आलं. मी त्याला आजीच्या वस्तीवर घेऊन गेलो. तिनं नाही म्हटलं.