तुळशीच्या लग्नातल्या आवळ्यांचा मोरावळा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की मंडईत आवळ्यांचे ढीग दिसू लागतात. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात, वृंदावनात ऊस, चिंचा, आवळे ठेवतात. मोरावळ्याचा मुहूर्तही हाच. आमच्याकडे लग्नातले चार-पाच आवळे आणि बाजारातले किलोभर एकाच पातेल्यात जातात.

1 किलो मोठे, डाग नसलेले आवळे घ्या. त्यांना सव्वा किलो साखर, चमचाभर तुरटीची पूड, 8-10 वेलदोडे आणि हवं असेल तर चिमूटभर केशर. पातेलं स्टीलचं घ्या. लोखंडाच्या कढईत आवळे काळे पडतात, ॲल्युमिनियमला आंबट चालत नाही.

आवळे धुऊन पुसा आणि काट्याने सगळीकडून पार बियांपर्यंत टोचा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे अंगचोरी केली की वर्षभर दातांना कळते: बाहेरून गोड, आतून तुरट. मी टीव्हीसमोर मांडी घालून बसते, एका आवळ्याला वीसेक टोचे. मग दीड लिटर पाण्यात तुरटी विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवा. तुरटीने आवळे घट्ट राहतात, शिजताना पाकळ्या सुटत नाहीत. सकाळी तीन-चार पाण्यांतून स्वच्छ धुवा.

आता चाळणीत ठेवून 10-12 मिनिटं वाफवा. कुकरची शिट्टी नको, लगदा होतो. आवळ्याच्या शिरांवर बारीक भेग दिसली, रंग हिरव्यावरून पिवळसर झाला की गॅस बंद. कोमट झाल्यावर पातेल्यात एक थर आवळे, एक थर साखर असं रचून झाकून ठेवा. पाणी घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी साखर आपोआप विरघळलेली असते आणि आवळे रसात तरंगत असतात.

हे सगळं मंद आचेवर शिजवा. बोटाच्या चिमटीत पाकाची एक तार आली की उतरवा. लिंबू पिळायची गरज नाही, आवळ्याचा आंबटपणाच साखर जमू देत नाही.

आणि इथेच बहुतेकजण बरणी भरून मोकळे होतात. पहिल्या वर्षी मीही भरली. दोन आठवड्यांनी झाकण काढलं तर वर फेस आणि दारूसारखा आंबूस वास! झालं असं, की गार होताना साखर आवळ्यात शिरते आणि आवळ्यातलं पाणी बाहेर येतं, त्यामुळे कालचा एकतारी पाक आज सरबतासारखा पातळ होतो. पाकात साखर 70 टक्क्यांच्या आसपास असेल तर आंबवणारे जंतू वाढत नाहीत, खाली गेली की त्यांचं फावतं. म्हणून पातेलं दोन दिवस तसंच झाकून ठेवा आणि पाक पातळ झालेला दिसला की पुन्हा आटवा. या वेळी तार जरा दमदार हवी. थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीच्या गावात 105-106 अंश बघा, पुण्यात साधारण दोन अंश कमी. आणखी दोन दिवसांनी परत पाहा. पाक तसाच दाट असेल तर झालं, नाहीतर तिसरा हात फिरवा.

पूर्ण गार झाल्यावर वेलदोड्याची पूड आणि केशर घाला. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली. आवळे पाकात बुडलेले हवेत, वर डोकावला तो बुरशीला निमंत्रण देतो. तोंडाला दादरा बांधून ठेवा आणि काढताना चमचा कोरडा वापरा. तीनेक आठवड्यांत मुरतो.

आवळे संपल्यावर उरलेला पाक टाकू नका. आल्याचा रस आणि मीठ घालून चैत्रात सरबत करा.