गेम-यूज्ड बेसबॉल वस्तू घेताना: आधी पुरावा, मग भाव

बेसबॉलच्या खऱ्या सामन्यात वापरलेला चेंडू, बॅट किंवा जर्सी घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: ‘सर्टिफिकेट बघून घे.’ अमेरिकेत राहणारे आपले कितीतरी लोक मुलांच्या नादाने या खेळाच्या प्रेमात पडतात आणि एवढ्याच सल्ल्यावर शेकडो डॉलर घालवून बसतात. सर्टिफिकेट हा कागद आहे, आणि कागद कोणीही छापू शकतं. एफबीआयने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट सह्यांची टोळी पकडली, तेव्हा चक्क मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल सापडले होते. त्या टोळीच्या मालाला प्रमाणपत्रंही जोडलेली असत.

किंमत असते ती पुराव्याची. ही वस्तू अमुक दिवशी, अमुक खेळाडूच्या अंगावर किंवा हातात होती हे जितकं पक्कं, तितका भाव. म्हणून आधी भावाची घासाघीस आणि मग तपासणी, हा उलटा क्रम सोडा.

१. काय घ्यायचं ते ठरवा

चेंडू तपासायला सर्वांत सोपा, जर्सी सर्वांत कठीण. नवखे असाल तर चेंडूपासून सुरुवात करा.

२. होलोग्रामची नोंद वाचा

मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग. तिची स्वतःची प्रमाणीकरण योजना २००१ पासून सुरू आहे. सामन्याला आजी किंवा माजी पोलिस अधिकारी हजर असतो. चेंडू खेळातून बाहेर आला की तो ताब्यात घेऊन त्यावर होलोग्राम, म्हणजे क्रमांक असलेलं चकाकतं स्टिकर लावतात. तो काढायला गेलं तर फाटतो. लीगच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाकला की वस्तूची नोंद उघडते. चेंडू असेल तर तारीख, डाव, पिचर (चेंडू फेकणारा), बॅटर असा तपशील मिळतो.

ही नोंद शब्दन्‌शब्द वाचा, कारण होलोग्राम अस्सल असूनही वस्तू सामन्यात वापरलेली नसू शकते. नोंदीत ‘टीम-इश्यूड’ असेल तर ती जर्सी संघाने खेळाडूसाठी काढली होती एवढंच सिद्ध होतं. त्याने ती घातली का, हे नाही. नुसती सही केलेल्या वस्तूंनाही हाच होलोग्राम लागतो. विक्रेते जाहिरातीत होलोग्राम ठळक दाखवतात आणि नोंदीतला हा शब्द गाळतात. पूर्ण क्रमांक मागा. दिला नाही तर विषय संपला.

प्रेक्षकांत गेलेला चेंडू अधिकाऱ्याच्या नजरेआड होतो, म्हणून त्याला सहसा होलोग्राम मिळत नाही. मोठा विक्रम जवळ आला की आधीच गुप्त खुणा केलेले चेंडू खेळात आणतात. १९९८ मध्ये एका हंगामातल्या होमरनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवण्याचा) विक्रम मोडू पाहणाऱ्या मार्क मॅग्वायरसाठी तसं केलं होतं. बाकी ‘मी स्वतः झेललाय’ हे खरं असेलही, पण पुढच्या खरेदीदाराला ते पटवता येत नाही. अशा चेंडूला आठवणवस्तूचा भाव द्या, त्याहून जास्त नाही.

३. जर्सी असेल तर फोटो जुळवा

हा टप्पा मला वर्षानुवर्षं छळत आला, आणि सर्वांत वाईट सल्लाही इथेच मिळतो. २००१ च्या आधीच्या जर्सीला होलोग्राम नसतोच. मग एकच मार्ग उरतो: सामन्यातलं स्पष्ट छायाचित्र शोधायचं आणि त्यातली जर्सी हीच आहे हे दाखवायचं.

विक्रेत्याकडून उजेडात, जर्सी सपाट पसरून, बरोबर वरून काढलेले फोटो मागा: पुढची बाजू, पाठ, कॉलर, दोन्ही खांद्यांच्या शिवणी आणि आकड्यांच्या कडा. सामन्यातले फोटो गेटीसारख्या संग्रहांत मोठ्या आकारात पाहता येतात. समाजमाध्यमांवरचे दाबून लहान केलेले फोटो या कामाला निरुपयोगी आहेत.

आता बघायचं कुठे? शिवणीवर. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाची घरच्या मैदानावरची पट्ट्यापट्ट्यांची जर्सी घ्या. तिच्या पाठीवर नाव नसतं, फक्त आकडा. तो आकडा शिवताना त्याचा वरचा कोपरा एखाद्या निळ्या पट्टीवर येतो, किंवा दोन पट्ट्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत, किंवा पट्टीचा अर्धा भाग झाकून बसतो. हे प्रत्येक जर्सीगणिक केसभर वेगळं येतं. खांद्याच्या शिवणीवर पुढची पट्टी मागच्या पट्टीला कुठे भेटते, तेही तसंच. करड्या, बिनपट्ट्यांच्या जर्सीत बटणपट्टी छातीवरच्या अक्षरांना कुठे कापते ते बघा. जाळीदार कापड असेल तर आकड्याची कड कुठल्या छिद्रावरून जाते ते मोजा.

मातीच्या डागांवर कधीही विसंबू नका. लोक डाग पाहून हरखतात आणि विक्रेत्यांना ते पक्कं ठाऊक असतं. डाग धुलाईत जातो, आणि घरच्या अंगणात पाच मिनिटांत पाडताही येतो. शिवण तशी हलवता येत नाही. डाग जुळला तर उत्तम, पण तो शिवणीच्या जोडीला. एकट्या डागाचा पुरावा मी धरत नाही.

अंगावर कापड ताणलं जातं, चेंडू फेकताना तर पिळवटतं. त्यामुळे दोन खुणांमधलं अंतर मोजण्यात अर्थ नाही. पट्टी आणि आकड्याची कड जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू ताणल्यावरही बदलत नाही. तेच बिंदू ताडून बघा. फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही बटणांच्या बाजूवरून बघून घ्या.

आणि सगळे वगळतात ती गोष्ट: उलट तपासणी. एकाच हंगामात खेळाडू अनेक जर्सी वापरतो. त्याच खेळाडूचे दुसऱ्या दिवशीचे फोटो घ्या आणि तुमची जर्सी त्यांच्याशी जुळत नाही असं एखादं तरी ठिकाण शोधा. जर्सी सगळ्याच फोटोंशी ‘जुळत’ असेल तर तुम्ही निवडलेली खूण सगळ्याच जर्सींवर सारखी आहे, म्हणजे ती खूणच नव्हे.

रक्कम मोठी असेल तर मायग्रे, रेझोल्यूशन किंवा स्पोर्ट्स इन्व्हेस्टर्स यांच्यासारख्या फोटो जुळवणाऱ्या संस्थेची फी भरा. त्यांचं पत्र आलं की ‘फोटो-मॅच’ आणि ‘स्टाइल-मॅच’ यांतला फरक ओळखा. स्टाइल-मॅच म्हणजे तशा धाटणीची जर्सी त्या काळात वापरात होती, इतकंच. सामन्याची तारीख नसलेल्या पत्रावर मी जादा पैसे देत नाही आणि तुम्हीही देऊ नका.

या पुराव्याचं मोल यांकीजचा जुना दिग्गज बेब रूथ याच्या करड्या जर्सीने दाखवून दिलं. २००५ मध्ये ती ९ लाख ४० हजार डॉलरला गेली. पुढे ती १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (हंगामाच्या अंतिम मालिकेतल्या) तिसऱ्या सामन्यातल्या फोटोंशी जुळली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये हेरिटेजच्या लिलावात तिला २ कोटी ४१ लाख डॉलरहून जास्त मिळाले. मधल्या काळात बाजारही चढला होता, पण तो सामना पक्का झाला नसता तर हा आकडा स्वप्नातही आला नसता.

४. बॅट असेल तर लाकडाच्या रेषा बघा

बॅटच्या लाकडाच्या रेषा छापलेल्या शिक्क्याशी कशा बसतात, ते जवळून काढलेल्या फोटोंशी ताडा. २००९ पासून मेपलच्या बॅटवर, मुठीच्या भागात शाईचा एक ठिपका असतो. त्यावरून रेषांचा तिरकेपणा मोजतात. अलीकडची मेपलची बॅट मेजर लीगमधली म्हणून विकली जात असेल आणि ठिपका नसेल, तर परत द्या.

५. आता भाव

मागितलेल्या किमतींकडे बघूच नका. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावा, लिलावगृहांचे जुने निकाल काढा. एकाच निकालावर विसंबू नका: मास्ट्रो ऑक्शन्स या लिलावगृहाच्या बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये खोट्या बोलींच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला होता. चार-पाच निकाल एका पट्ट्यात आले की तो भाव धरा.

लिलावात बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलावगृह लावतं तो अधिभार, विसरू नका. शोहेई ओहतानीच्या हंगामातल्या पन्नासाव्या होमरनचा चेंडू २०२४ मध्ये ४३ लाख ९२ हजार डॉलरला गेला असं सगळीकडे छापून आलं. त्यात बोली ३६ लाखांची होती, वरचे २२ टक्के लिलावगृहाचे. तुमची कमाल मर्यादा हा अधिभार, कर आणि टपालखर्च धरून ठरवा.

साधा चेंडू महाग घेऊ नका. कसोटीत एकच चेंडू ८० षटकं चालतो. बेसबॉलमध्ये तो मातीत टप्पा पडला की बहुधा बदलतात, म्हणून असा माल मुबलक आहे. आणि विक्रम मोठा म्हणून चेंडूचा भावही मोठा, असं नसतं. मॅग्वायरच्या १९९८ च्या हंगामातल्या सत्तराव्या होमरनच्या चेंडूला १९९९ मध्ये सुमारे ३० लाख डॉलर मिळाले. बॅरी बाँड्सने २००१ मध्ये त्र्याहत्तर मारले, म्हणजे विक्रम त्याहून मोठा, पण तो चेंडू २००३ मध्ये साडेचार लाखांत गेला. आजच्या गाजावाजावर उद्याच्या विक्रीचा हिशेब मांडू नका.

६. पैसे द्या आणि जपून ठेवा

क्रेडिट कार्डाने द्या. वस्तू बनावट निघाल्यास रक्कम परत मिळेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी शब्दाला अर्थ नाही. होलोग्रामची नोंद, जुळवलेले फोटो आणि पावती एका ठिकाणी ठेवा. जर्सी धुऊ नका, बॅटवरचं पाइन टार (पकड घट्ट राहावी म्हणून लावलेला चिकट थर) पुसू नका, चेंडू थेट उन्हात ठेवू नका.